सांगलीची मंडळी मुंबईस येते



उभे राहून बोलण्याची मला सवय आहे. परंतु माझे व्यासपीठ बहुधा कारखान्याच्या फाटकाबाहेर असते, आणि श्रोते डबा हातात घेऊन पाळीवर जाण्याच्या घाईत असतात. तेथे पाच मिनिटांत मुद्दा सांगावा लागतो. वसंतातल्या या ज्ञानसत्रात आपण मला तासभर दिला आहे, तेव्हा प्रथम थोडा भांबावलोच. संयोजकांनी ‘कामगार चळवळीवर बोला’ म्हणून सांगितले होते. मी त्यांना म्हटले, मी नाटकावर बोलतो. त्यांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य दिसले, तेच या क्षणी आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. परंतु शेवटपर्यंत ऐकून घेतलेत तर मी विषय बदललेला नाही, हे आपल्या ध्यानी येईल.

माझे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही वाचले ते वाचनालयांत, युनियनच्या कचेरीत आणि लोकलच्या डब्यात. त्यामुळे मी इतिहास वाचतो तो थोडा वेगळ्या वाटेने. राजा कोण होता हे वाचून झाले की मला प्रश्न पडतो, त्या कामावर माणसे किती होती, त्यांना जेवायला कोण घालत होते, आणि काम संपल्यावर त्यांचे पुढे काय झाले? या दृष्टीने पाहू लागलो तेव्हा मराठी रंगभूमीच्या आरंभकाळातील एक प्रसंग माझ्या मनात घर करून राहिला. सांगलीची एक नाटक मंडळी १८५३ साली मुंबईत येते, त्या अनोळखी शहरात आपला खेळ उभा करते, आणि तो उभा करता करता शहर समजून घेते, असा तो प्रसंग आहे. आज त्याविषयीच बोलणार आहे.

विष्णु अमृत भावे, म्हणजे आपण ज्यांना विष्णुदास भावे म्हणतो ते, सांगली संस्थानातले. कवित्व त्यांच्या अंगी होतेच. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, त्यांचा हात कारागिराचा होता. लाकडी बाहुल्या घडवून, त्यांना हलते अवयव लावून त्यांचा खेळ करण्याचा त्यांचा बेत होता. त्यांतल्या काही बाहुल्या आजपर्यंत टिकल्या, आणि शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्यांची डागडुजी करून त्या पुन्हा लोकांपुढे आणल्या. रंगभूमीच्या जनकाची आठवण आपण पदांतून आणि आख्यानांतून करतो. ती त्या लाकडातूनही करावी असे मला वाटते. सांध्याला खिळा कोठे बसवला म्हणजे हात वर जाईल, हे ज्याला कळते त्याला रंगमंचावर माणूस कोठे उभा करावा हेही लवकर कळते.

१८४२ च्या सुमारास उत्तर कानडातील कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली. तिचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या मनात आले की असे काही मराठीत, परंतु अधिक रेखीव व्हावे. हे काम त्यांनी भाव्यांवर सोपविले. त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ या आख्यानाचा खेळ झाला. तोच दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो.

त्या खेळाची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. सूत्रधार पदे गाई आणि त्यांतून कथा पुढे नेई. आरंभी गजानन येई, मोरावर बसलेली सरस्वती येई, विदूषक येऊन सूत्रधाराशी थट्टामस्करी करी. मग आख्यान सुरू होई. देव आणि राक्षस यांच्या झुंजी होत. राक्षस आरोळ्या ठोकीत, आणि त्या आरोळ्यांवरून या नाटकांना पुढे लोकांनी थट्टेने ‘अललडुर्र’ हे नाव दिले. स्त्रियांची कामे पुरुष करीत. सर्वात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की पदे बांधलेली असली तरी पात्रांचे भाषण लिहिलेले नसे. प्रसंग सांगितला की नट आपल्या बुद्धीने बोले. म्हणजे त्या काळचा नट केवळ पाठ केलेले म्हणून दाखविणारा गडी नव्हता. कामाचा अर्धा भाग तो जागच्या जागी घडवीत असे.

सांगलीत हे सारे चालले ते राजाच्या शब्दावर. जागा राजाची, आश्रय राजाचा, प्रेक्षकही राजाच्याच निमंत्रणाने आलेला. अशा व्यवस्थेत एक सुख असते. उद्याच्या भाकरीची काळजी करावी लागत नाही. परंतु १८५१ साली चिंतामणराव वारले, आणि भाव्यांच्या मंडळीचा दरबारी आधार सुटला. माझ्या आयुष्यात मी अनेक कामगारांकडून एकच वाक्य ऐकले आहे: ‘जुन्या शेटने शब्द दिला होता.’ जुना शेट चांगला असतो, त्याचा शब्दही खरा असतो. परंतु तो कागदावर नसतो, आणि शेटबरोबर तोही जातो. भाव्यांची आणि त्यांच्या नटांची गत काहीशी अशीच झाली. खेळ बसलेला, माणसे तयार झालेली, आणि पोसणारा नाही. तेव्हा दोनच वाटा होत्या: मंडळी मोडायची, नाहीतर ती घेऊन गावोगाव जायचे. भावे निघाले, आणि फिरत फिरत मंडळी मुंबईस येऊन पोहोचली.

तेव्हाची मुंबई डोळ्यांपुढे आणण्याचा प्रयत्न करा. आगगाडी अजून सुरू झालेली नाही. घाटावरून येणारा माणूस बैलगाडीने बोरघाट उतरून पनवेलपर्यंत येई आणि तेथून मचव्यात बसून खाडी ओलांडी. किल्ल्याचा तट अजून उभा आहे. तो पाडण्यास पुढे १८६२ पासून सुरुवात झाली. रस्त्यावर गॅसचे दिवे नाहीत. ते १८६५ साली आले. कापडाची एकही गिरणी नाही. असे असूनही वस्ती पाच लाखांच्या वर गेलेली. किल्ल्यात गोरे साहेब आणि पारशी व्यापारी, बाहेर गिरगाव-ठाकूरद्वाराच्या वाड्या, भुलेश्वराची गर्दी, आणि रस्त्यावर मराठी, गुजराती, हिंदुस्थानी, कोकणी, इंग्रजी अशा साऱ्या भाषा एकमेकींत मिसळलेल्या. एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेली तरुण पिढी नुकती पुढे येत होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेले भाऊ दाजी लाड यांच्यासारखे गृहस्थ सार्वजनिक कामांत लक्ष घालीत होते, आणि अशा सुशिक्षितांचे साहाय्य भाव्यांना लाभले.

सांगलीत जन्म गेलेल्या नटांना हे शहर कसे दिसले असेल? नवीन शहरात आलेला माणूस प्रथम ते पाहत हिंडतो. मोठ्या इमारती पाहतो, समुद्र पाहतो, देवदर्शन करतो, आणि दोन दिवसांनी खिसा चाचपतो. मंडळीचा खिसाही अक्षय नव्हता. तिने आरंभी मुंबईत खासगी जागांतून खेळ केले. वाड्यात किंवा माडीवर खेळ करणे ही गावची रीत झाली: यजमान एक, बिदागी त्याची, पाहणारे त्याचे स्नेही. शहर नवे होते खरे, पण धंदा अजून जुन्याच रीतीने चालला होता.

पुढे जे झाले त्यात भाव्यांचा कारागीर डोळा कामी आला. ग्रँट रोडवर १८४६ साली एक नाट्यगृह उघडले होते. त्यासाठी जागा जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना शंकरशेट, यांनी दिली होती. तेथे इंग्रजी नाटके होत. भाव्यांनी तेथे इंग्रजी नाटक पाहिले. भाषा त्यांना कितीशी कळली असेल, हा प्रश्न बाजूला ठेवा. परक्या भाषेतील नाटक पाहताना कारागिराला जे दिसते ते भाषा जाणणाऱ्याला कित्येकदा दिसत नाही. तो इमारत कशी बांधली आहे ते पाहतो. रंगमंच उंच आणि एका बाजूला, समोर पडदा. प्रेक्षक सर्व बाजूंनी न बसता एकाच बाजूला तोंड करून बसलेले. आणि जसा दाम तशी बसायला जागा. दारात पैसे देऊन माणूस आत येतो आणि आपल्या जागेवर बसतो. त्याला कोणी बोलावलेले नसते. तो कोणाचा पाहुणा नसतो.

माझ्या मते त्या दिवशी भाव्यांना मुंबई कळली. या शहरात खेळ पोसायला राजा नाही. परंतु येथे हजारो माणसे अशी आहेत की ज्यांच्या हातात महिन्याकाठी रोकड येते. कारकून आहेत, दलाल आहेत, दुकानदार आहेत, कारागीर आहेत. एकेकट्याच्याने मंडळी पोसवणार नाही. पण प्रत्येकाने थोडे थोडे दिले तर मंडळीचा आश्रयदाता उभा राहतो, आणि तो मरत नाही.

याला शहराची एक अडचणही उपयोगी पडली. ग्रँट रोडचे नाट्यगृह किल्ल्यातल्या गोऱ्या लोकांना दूर पडे. ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांचा ओघ बेताचाच. आणि ज्यांच्या वस्तीजवळ ते उभे होते, त्या आपल्या लोकांसाठी तेथे काही होत नव्हते. ही फट भाव्यांनी हेरली. मार्च १८५३ मध्ये ग्रँट रोडच्या नाट्यगृहात भाव्यांच्या मंडळीने ‘इंद्रजितवध’ हा खेळ केला. तिकीट लावून झालेला मराठी नाटकाचा पहिला जाहीर प्रयोग म्हणून तो ओळखला जातो.

त्या प्रयोगाच्या तयारीची मी पुष्कळदा कल्पना करून पाहतो. मशाली आणि दिवट्यांच्या उजेडात, चारी बाजूंना माणसे बसलेली असताना खेळण्याची ज्यांना सवय, त्यांना आता एका चौकटीत उभे राहावयाचे होते. पाठ कोणाकडे करावयाची आणि तोंड कोणाकडे, हेही नव्याने ठरवावे लागले असणार. गावात खेळ रंगला की पहाट होईपर्यंत लांबवता येई. तिकीट काढून आलेल्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते. म्हणजे खेळाला आरंभाची वेळ हवी आणि शेवटाचीही. वेळेचे हे बंधन मुंबईने नाटकाला शिकविले. येथे ती न लिहिलेली भाषणे मंडळीच्या उपयोगी पडली असावीत. ज्याचे बोलणे पाठ केलेले नाही, त्याला ते आखूडही करता येते आणि समोरचा प्रेक्षक पाहून वळवताही येते.

बदललेल्या शहराशी मंडळीने किती लवकर जमवून घेतले याचा पुरावा त्याच वर्षात आहे. १८५३ च्या ऑक्टोबरात पारशी मंडळींनी त्याच नाट्यगृहात ‘रुस्तम अने सोहराब’चा खेळ करून आपल्या नाटकांना आरंभ केला. पुढे हिंदुस्थानभर गाजलेल्या पारशी रंगभूमीचा हा पहिला अंकुर. आणि त्या वर्षाच्या अखेरीस भाव्यांच्या मंडळीने ‘राजा गोपीचंद’ हे नाटक हिंदुस्थानी भाषेत केले. विचार करा! सांगलीहून मराठी आख्याने घेऊन आलेली मंडळी वर्ष संपायच्या आत बाजारात सर्वांना समजणाऱ्या भाषेत उभी राहते. प्रेक्षकांत गुजराती आहे, पारशी आहे, मुसलमान आहे, हे तिने पाहिले. कोणाची भाषा शुद्ध आणि कोणाची अशुद्ध, हा वाद घालत ती बसली नाही. शहराची संस्कृती समजून घेणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. त्यांना त्या लोकांसमोर उभे राहून काम करायचे होते, म्हणून ते लोक त्यांना समजून घ्यावे लागले.

आता याच सुमारास त्या शहरात आणखी काय घडत होते ते पाहू. ‘इंद्रजितवधा’नंतर महिनाभराने, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. पुढल्याच वर्षी कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली, आणि १८५६ साली ताडदेवला मुंबईची पहिली गिरणी सुरू झाली. ताडदेव आणि ग्रँट रोड ही शेजारची ठिकाणे. तिकिटाचे नाटक आणि गिरणीचा भोंगा हे दोन्ही मुंबईच्या एकाच भागात, तीन वर्षांच्या अंतराने आले, ही गोष्ट माझ्यासारख्याला विसरता येत नाही. दोहोंच्या मुळाशी एकच नवी वस्तू होती: रोख मजुरी. ती नसती तर गिरणीला कामगार मिळाला नसता आणि नाटकाला प्रेक्षक.

मात्र मजुरी मिळाली म्हणजे नाटक पाहायला मिळाले असे नव्हे. त्यासाठी सवड लागते. गिरणीत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले. आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी दुपारच्या प्रयोगाला गर्दी होते. त्या गर्दीने एकदा तरी लोखंड्यांची आठवण करावी. नाटकाच्या इतिहासात त्यांचे नाव सहसा येत नाही. पण प्रेक्षकाला वेळ मिळवून देणारा माणूस नाट्यगृह बांधणाऱ्याइतकाच मोठा होय.

येथवर मी तिकिटाचे गुण गायिले. आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर युनियनचा माणूस म्हणून मी लाज आणली असे होईल. तिकिटाने नटाला राजाच्या मर्जीतून सोडविले हे खरे. पण त्याच वेळी त्याला रात्रीच्या गल्ल्याला बांधून टाकले. राजा रुसला तर एक दार बंद होई; पाऊस पडला, साथ आली, प्रेक्षकांची आवड फिरली, तर सगळीच दारे एकदम बंद होतात. आपल्या व्यावसायिक रंगभूमीवर आजही एका प्रयोगाच्या मोबदल्याला ‘नाइट’ म्हणतात. ‘तुझी नाइट किती?’ असे एकमेकांना विचारतात. प्रयोग झाला तर नाइट, नाही तर नाही. नामांकित नटाचे त्यावर ठीक चालते. परंतु सेट लावणारा, प्रकाशयोजनेची पेटी सांभाळणारा, कपडेपट पाहणारा, पडदा ओढणारा, यांचेही पोट त्याच नाइटवर असते. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे नाट्यगृहे बंद झाली तेव्हा ही गोष्ट साऱ्यांच्या डोळ्यांपुढे आली. ज्यांची नावे जाहिरातीत कधी येत नाहीत, त्यांच्या चुली आधी थंडावल्या. १८५३ साली जी व्यवस्था जन्मली तिचे हे देणे अजून फिटलेले नाही.

भाव्यांनाही या व्यवस्थेचा जाच सोसावा लागला. त्यांचे पाहून नव्या मंडळ्या निघाल्या: इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर. गावांची नावे लावून त्या मुलूखभर फिरू लागल्या. १८६१-६२ च्या सुमारास भाव्यांनी नाटकाचा व्यवसाय सोडला. १८८५ साली त्यांनी आपली आख्याने ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने प्रसिद्ध केली, आणि १९०१ साली ते वारले. त्यांनी दाखविलेल्या वाटेने किर्लोस्कर गेले, देवल गेले, गंधर्व गेले. वाट दाखविणाऱ्याच्या वाट्याला व्यवसायाची उणीपुरी वीस वर्षेही आली नाहीत.

आता थोडे स्वतःविषयी. मीही सांगलीकडचाच. मिरज तालुक्यातल्या एका खेड्यातून १९८८ साली मुंबईस आलो तेव्हा माझे वय एकोणीस होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरण्यांचा मोठा संप होऊन सहा वर्षे झाली होती. लालबागच्या ज्या गाळ्यात मी पथारी टाकली, तेथल्या निम्म्या ट्रंका गावी परत गेलेल्या गिरणी कामगारांच्या होत्या. मला एका इंजिनियरिंग कारखान्यात काम लागले. पहिले वर्षभर मला मुंबई म्हणजे गाळा, खाणावळ, कारखाना आणि पुन्हा गाळा इतकीच ठाऊक होती. सुट्टीच्या दिवशी चौपाटी पाहिली, राणीची बाग पाहिली. ती पाहूनही मी शहराला परकाच होतो, आणि शहर मला.

दुसऱ्या वर्षी कारखान्यातल्या लोकांनी कामगार नाट्यस्पर्धेसाठी नाटक बसवायचे ठरविले. कामगारांच्या या स्पर्धा आपल्याकडे कामगार कल्याण मंडळाने वर्षानुवर्षे चालविल्या आहेत. मला अभिनय येत नव्हता, म्हणून पळापळीचे काम माझ्याकडे आले. आणि काय सांगू, तीन महिन्यांत मला मुंबई सापडली! भाड्याचे कपडे आणि टोप आणायला गिरगावात गेलो. तेथल्या दुकानातल्या म्हाताऱ्याने कोणत्या पात्राला कोणता फेटा, यावर तासभर शिकवणी घेतली. लाकूड स्वस्त कोठे मिळते म्हणून रे रोडच्या वखारी पालथ्या घातल्या. संहितेला परवानगी लागते, प्रयोगाला परवाना लागतो, म्हणून सरकारी कचेऱ्यांचे जिने चढलो. अर्ज कसा लिहावा हे मी तेथे शिकलो, आणि ती विद्या मला जन्मभर पुरली. तालमी एका चाळीच्या व्हरांड्यात चालत. कोकणातले साथी दशावतारातले, नमनातले किस्से सांगत. आम्ही घाटावरचे तमाशातले सांगत असू. एकमेकांची थट्टा करता करता आम्ही एकमेकांचे झालो. पुढे युनियनमध्ये जी माणसे माझ्या पाठीशी उभी राहिली, ती त्या व्हरांड्यात भेटलेली.

आम्ही काही नवे करीत नव्हतो, हे मला फार नंतर वाचनातून कळले. परळला सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह १९२२ सालापासून कामगारवस्तीत उभे होते. (२०२३ साली ते पुनर्बांधणीसाठी बंद करण्यात आले तेव्हा गिरणगावातल्या रंगकर्मींना किती दुःख झाले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल.) वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईस आलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढले, आणि ज्या शहरात ते हमाली-मजुरी करीत वाढले, त्याच शहराचे चित्र आपल्या लोकनाट्यांतून उभे केले. म्हणजे सांगलीच्या मंडळीने घालून दिलेली रीत गिरणगावाने आपल्या परीने चालविली होती. परका माणूस येतो, खेळ उभा करतो, आणि मग तो परका राहत नाही.

आमच्या प्रयोगाच्या दिवशी मात्र एक घोटाळा झाला. आमच्या नाटकातल्या सावकाराची दुसरी पाळी होती. रजेचा अर्ज महिनाभर आधी दिला होता. आदल्या दिवशी तो नामंजूर होऊन आला. कारण काही दिले नव्हते. तालमीत सगळे सुन्न बसलो. तेव्हा आमच्यातला एक कोकणातला कामगार उठला. तो नाटकात नव्हता. तालमीला नुसता बसायला येई, चहा आणून देई, आणि विनोदाच्या जागी सर्वांच्या आधी हसे. त्याची पहिली पाळी होती. तो म्हणाला, ‘त्याच्या मशीनवर मी उभा राहतो. तुम्ही खेळ करा.’ फोरमनशी बोलून त्याने बदली घेतली आणि सकाळपासून रात्रीपर्यंत, लागोपाठ दोन पाळ्या तो मशीनवर उभा राहिला. प्रयोग झाला. सावकाराला टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर तो मला भेटला. डोळे तांबारलेले. त्याने बक्षिसाचे विचारले नाही. एवढेच विचारले, ‘काय रे, त्या पंचायतीच्या जागेला लोक हसले काय?’

मी म्हटले, ‘हसले.’ तो बरे म्हणाला आणि कामावर गेला. ते नाटक त्याने कधीच पाहिले नाही.

बंधुभगिनींनो, भाव्यांच्या मंडळीविषयी वाचतो तेव्हा मला त्या माणसाची आठवण होते. ‘इंद्रजितवधा’त इंद्रजित कोण झाला होता, सुलोचना कोण झाली होती, हे शोधणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचे काम थोर आहे. परंतु मशाल धरून रात्रभर उभा राहिलेला कोण होता? मंडळीचे सामान घाटाखाली कोणी उतरविले? अनोळखी शहरात पंधरा-वीस माणसांसाठी चूल कोणी पेटविली? तिकीट काढून येणाऱ्या पहिल्या प्रेक्षकाला दारात कोणी आत सोडले? तो प्रेक्षक सांगलीच्या नटाइतकाच नवखा असला पाहिजे. पैसे देऊन मराठी खेळ पाहायचा असतो, हे त्यालाही त्या दिवशीच कळले. ही माणसे इतिहासात नाहीत. ज्याला नाव नाही त्याला करारही नसतो, आणि ज्याला करार नाही त्याला म्हातारपणी काही नसते. या दोन गोष्टी मी वेगळ्या मानीत नाही.

म्हणून आज माझी आपल्यापाशी एक साधी विनंती आहे. दर वर्षी ५ नोव्हेंबरला गावोगावी नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, नटांचा सत्कार होतो. तो जरूर व्हावा. परंतु त्या दिवशी आपल्या गावच्या नाट्यगृहात पडदा ओढणारा कोण आहे, त्याला प्रयोगामागे काय मिळते, आजारी पडला तर त्याला कोण पाहते, एवढी चौकशी प्रत्येक संस्थेने करावी. ज्या संस्थांच्या हाती आहे त्यांनी त्याचे नाव आणि मोबदला कागदावर आणावा. चिंतामणराव चांगला राजा होता, आणि तरीही त्याच्यामागे मंडळी उघड्यावर आली; चांगुलपणावर विसंबून भागत नाही, हा धडा रंगभूमीला तिच्या जन्मानंतर आठ वर्षांतच मिळालेला आहे. तो आता तरी आपण मनावर घ्यावा.

हा मंडप ज्यांनी बांधला, ध्वनिक्षेपक ज्यांनी लावला, आणि व्याख्यान संपल्यावर आपण घरी गेल्यावर या खुर्च्या जे उचलणार आहेत, त्यांचे आणि आपणा सर्वांचे आभार मानून मी आपली रजा घेतो.